नळाला पाणी नसतं, तेव्हा पाईपमध्ये काय असतं?

पावसाळा लागला की सांगली, मिरज, कराड, सातारा इथल्या दवाखान्यांत एकाच तक्रारीचे पेशंट वाढतात. जुलाब, उलट्या, पोटात मुरडा, अंगात ताप. डॉक्टर 'गॅस्ट्रो' म्हणतात, गोळ्या देतात, दोन-तीन दिवसांत माणूस उठून कामाला लागतो आणि विषय संपतो. एकाच गल्लीत वीस-पंचवीस जण एकदम पडले तरच त्याची बातमी होते. मग टँकर येतो, टीसीएल पावडर येते, पाण्याचे नमुने नेले जातात, नगरसेवक चक्कर मारून जातात. आणि या सगळ्याबरोबर एक वाक्य हमखास येतं : "ती वस्तीच घाण आहे हो, तिथं असंच होणार."

हे वाक्य आपल्या मोहल्ल्यांनी इतक्या वेळा ऐकलंय की आता आपणही ते खरं मानायला लागलोय. म्हणून आज त्या वाक्याचीच तपासणी करूया. साथ खरंच माणसांच्या घाणीतून येते, की आणखी कुठून?

पुण्याच्या सोसायट्या आणि मेळघाटची विहीर

दोन उदाहरणं घेऊ. दोन्ही आपल्याच राज्यातली आणि अलीकडची.

पहिलं पुण्याचं. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागात माणसांचे हातपाय एकाएकी लुळे पडायला लागले. आजाराचं नाव गिया-बारे सिंड्रोम, म्हणजे पेपरांत गाजलेला जीबीएस. पेशंटचा आकडा दोनशेच्या आसपास गेला, काहींचा जीव गेला, कित्येक जण व्हेंटिलेटरवर होते. बऱ्याच पेशंटना आधी जुलाब झाले होते. काहींच्या शौचाच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जिवाणू सापडला. हा जिवाणू पोटात जातो, शरीर त्याच्याशी लढायला उभं राहतं आणि काही थोड्या लोकांत ही लढाई चुकून स्वतःच्याच नसांवर उलटते. संशयाची सुई पाण्याकडे वळली. महापालिकेने त्या भागातले खासगी आरओ प्लांट तपासले आणि नमुने खराब निघाल्यावर अनेक प्लांट बंद केले. आता लक्षात घ्या, हा भाग काही झोपडपट्टीचा नाही. तिथं फ्लॅटच्या मोठमोठ्या सोसायट्या आहेत, आयटीत काम करणारी कुटुंबं आहेत.

दुसरं मेळघाटचं. जुलै २०२२ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या चिखलदरा तालुक्यात पाचडोंगरी आणि कोयलारी या आदिवासी गावांत कॉलरा आला. दीडशेहून जास्त लोक आजारी पडले, किमान तिघांचा जीव गेला. कारण काय? वीजबिल थकलं म्हणून पाणीपुरवठ्याची वीज तोडलेली होती. पंप बंद, नळ कोरडे. लोकांनी उघड्या विहिरीचं पाणी प्यायलं. पावसाने त्या विहिरीत घाण वाहून आणली होती.

एकीकडे शहरातला सुशिक्षित मध्यमवर्ग, दुसरीकडे जंगलातलं गरीब गाव. राहणीमान, धर्म, भाषा सगळं वेगळं. सारखी गोष्ट एकच : खात्रीचं सरकारी पाणी घरापर्यंत पोहोचलं नाही, म्हणून लोकांनी मिळेल ते पाणी प्यायलं. घाण वस्ती हे साथीचं कारण असतं, तर सिंहगड रोडला साथ आलीच नसती.

जिवाणू करतो काय?

कॉलऱ्याला आपल्या घरात हैजा म्हणतात. मराठीत पटकी, जुन्या लोकांच्या तोंडी मरी. सातारा-सांगलीच्या कितीतरी गावांच्या वेशीवर मरीआईचं देऊळ आहे. एका आजाराची दहशत किती होती, हे त्यावरूनच कळतं.

हा जिवाणू पाण्यातून किंवा अन्नातून पोटात जातो आणि आतड्यात एक विष सोडतो. कलकत्त्याचे शास्त्रज्ञ शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये हे विष शोधून काढलं. या विषामुळे आतडी शरीरातलं पाणी आणि क्षार बाहेर ओतायला लागतात. तांदळाच्या धुवणासारखे पातळ जुलाब होतात. आजार जोरात असेल तर तासाला एक लिटरपर्यंत पाणी अंगातून जाऊ शकतं. सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळपर्यंत दगावू शकतो. आणि उपचार किती सोपा, तर गेलेलं पाणी आणि क्षार वेळेवर परत द्यायचे. तेवढं झालं तर शंभरात एकही माणूस मरत नाही.

कॉलऱ्याचे भाऊबंद बरेच आहेत. टायफॉईड, म्हणजे मुदतीचा ताप. शिगेला, म्हणजे रक्ताची आव. ई-कोलाय, कॅम्पिलोबॅक्टर. नावं वेगळी, रस्ता एकच : एका माणसाची विष्ठा (कॅम्पिलोबॅक्टरच्या बाबतीत बऱ्याचदा कोंबड्या-जनावरांची) दुसऱ्या माणसाच्या तोंडात. बोलायला किळस येते, पण मुद्दा तोच आहे. प्रश्न एवढाच, ती घाण पाण्यात मिसळते कुठे?

रिकामा पाईप

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी नळाला दिवसातून एक-दोन तास पाणी येतं. काही भागांत एक दिवसाआड. माण, खटाव, जत, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यात तर उन्हाळ्यात टँकरचीच वाट बघावी लागते. पाणी येतं तेव्हा पाईप भरलेला असतो, आत दाब असतो. पाईपला भोक असलं तर पाणी बाहेर गळतं. नासाडी होते, पण आत काही शिरत नाही.

पाणी बंद झालं की गोष्ट उलटते. दाब संपतो, पाईप रिकामा होतो. बाहेर गटार वाहतंय किंवा ड्रेनेजची जुनी लाईन फुटलेली आहे. तेच भोक आता बाहेरचं सांडपाणी आत घेतं. जुन्या गल्ल्यांत घरगुती नळाची लाईन सरळ गटारातून गेलेली तुम्ही स्वतः पाहिली असेल. वरून गंजलेली, ठिकठिकाणी रबराची पट्टी गुंडाळलेली. दुसऱ्या दिवशी पाणी सुटतं, तेव्हा रात्रभर आत साचलेलं ते सगळं पहिल्या धारेबरोबर आपल्या हंड्यात येतं.

म्हणजे फिल्टर हाऊसमधून निघालेलं पाणी चांगलं असूनही घरात आलेलं पाणी खराब असू शकतं. पालिकेचे अधिकारी म्हणतात, "आमच्या टाकीतला नमुना चांगला आहे." गल्लीतले लोक म्हणतात, "आमच्या नळाला वास येतो." दोघंही खरं बोलत असतात. मधल्या पाईपबद्दल मात्र कुणीच बोलत नाही.

मिरजेला हे सांगायची गरज नाही. २०१४ च्या अखेरीस तिथं गॅस्ट्रोची मोठी साथ आली, माणसं गेली. तेव्हाही चर्चा याच मुद्द्यावर आली होती : जुन्या जलवाहिन्या आणि त्यांत मिसळणारं सांडपाणी. पुढे एप्रिल २०१६ मध्ये याच मिरजेतून तहानलेल्या लातूरला रेल्वेने पाणी गेलं आणि सगळ्या देशाने कौतुक केलं. शेकडो किलोमीटरवर पाणी पोहोचवणं आपल्याला जमतं. गटाराशेजारून शंभर फूट पाणी सुरक्षित नेणं मात्र अवघड जातं.

हुबळीचा आकडा, मलकापूरचा अनुभव

हा नुसता अंदाज नाही. शेजारच्या कर्नाटकात हुबळी-धारवाडमध्ये काही वॉर्डांत चोवीस तास पाणी सुरू झालं, बाकीच्या शहरात जुनी पद्धत राहिली. शास्त्रज्ञांनी दोन्हीकडच्या नळांचे नमुने तपासले. चोवीस तास पाणी असलेल्या भागात ई-कोलाय सापडलेले नमुने एक टक्क्यापेक्षाही कमी होते. थोडा वेळ पाणी येणाऱ्या भागात हेच प्रमाण तीनात एक, म्हणजे तीस टक्क्यांच्या वर. एकच शहर, एकाच वळणाची माणसं. फरक पाईपमधल्या दाबाचा.

आणि हुबळीपर्यंत तरी कशाला जायचं? सातारा जिल्ह्यात कराडला लागून मलकापूर आहे. २००९ च्या सुमारास या लहानशा नगरपंचायतीने महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या मदतीने घरोघरी मीटर बसवून चोवीस तास पाणी दिलं. देशभरातून लोक ते बघायला आले. मोठमोठ्या महापालिकांना जे जमत नव्हतं ते एका छोट्या गावाने करून दाखवलं.

इथे एक आक्षेप येतो आणि तो खोटा नाही. मीटर आला म्हणजे बिल आलं. हातावर पोट असलेल्या घराला तीच भीती वाटते. मलकापूरने त्यावर दरांचे टप्पे केले. गरजेपुरतं पाणी वापरणाऱ्याला कमी दर, जास्त उधळणाऱ्याला चढा दर. हे तत्त्व योग्य आहे. आपल्या शहरात असा प्रस्ताव आला तर "मीटर नको" म्हणून मोर्चा काढण्याऐवजी "पहिला टप्पा स्वस्त ठेवा" म्हणून भांडावं. कारण आजही पाणी फुकट नाहीच. जारचे पैसे, डॉक्टरांची फी, बुडालेली रोजी, हे सगळं पाण्याचंच बिल आहे. फक्त ते पालिकेच्या पावतीवर येत नाही.

माझी मोटर, शेजाऱ्याचं गटार

आता थोडं आपल्याबद्दल. पाण्याला दाब नसतो म्हणून घरोघरी नळाला मोटर लावतात. टाकी वरच्या मजल्यावर, पाणी चढत नाही, बाई कामाला जायच्या आत भरायचं असतं. मजबुरी खरी आहे.

पण मोटर पाईपातलं पाणी ओढते, तेव्हा पाईपच्या आत ओढ तयार होते. आजूबाजूच्या भोकांतून गटाराचं पाणीही त्या ओढीने आत येतं. ते माझ्या टाकीत येतं आणि शेजाऱ्याच्या नळातही जातं. ज्याच्याकडे मोटर नाही त्याला आधीच पाणी कमी मिळतं, आणि जे मिळतं ते घाण. शेजाऱ्याच्या हक्काबद्दल आपल्या दीनमध्ये किती ताकीद आहे हे आपण लहानपणापासून ऐकतो. नळाला जोडलेली मोटर हा त्या हक्काचा सरळसरळ प्रश्न आहे.

उपाय आहे. नळाचं पाणी आधी खालच्या टाकीत आपोआप पडू द्यायचं आणि मोटर त्या टाकीवर लावायची. खर्च आहे, जागा लागते. पण एका गल्लीने मिळून ठरवलं तर दोन-चार घरांत एक टाकी करता येते.

जारने प्रश्न सुटला का?

"आम्ही नळाचं पाणी पितच नाही, जार लावलाय." हे आता साध्या घरांतही ऐकू येतं. लग्न असो, मय्यत असो, निळे जार रांगेत उभे असतात.

पण पुण्यात बंद झालेले प्लांट याच प्रकारचे होते. आरओ मशीन पाण्यातले जिवाणू अडवतं, हे बरोबर. पण पाण्यातला क्लोरिनही निघून जातो. मशीनमधून बाहेर पडलेल्या पाण्याला नंतर कसलंच संरक्षण राहत नाही. टाकी धुतलेली नसेल, जार नीट विसळला नसेल, भरणाऱ्याचे हात स्वच्छ नसतील तर तेच पाणी पुन्हा बिघडतं. थंड आहे, गोड लागतं, म्हणून शुद्ध आहे असं नाही. जार घ्यायचाच असेल तर प्लांटवाल्याला अन्नसुरक्षा विभागाचा परवाना आणि पाणी तपासणीचा अलीकडचा रिपोर्ट मागा. ग्राहक म्हणून तो तुमचा हक्क आहे.

याहून मोठी गोष्ट वेगळी आहे. ज्यांना परवडतं ते जारकडे वळले की नळाच्या पाण्यासाठी भांडणारी माणसं कमी होतात. नळावर उरतात ती सगळ्यात गरीब घरं, ज्यांचा आवाज कुणी ऐकत नाही. मदिनेतल्या रूमा नावाच्या विहिरीचा किस्सा आपल्या मुलांनाही माहीत आहे. तिचं पाणी विकत मिळायचं, गरिबांचे हाल व्हायचे. हजरत उस्मान (रजि.) यांनी ती विहीर घेऊन सगळ्यांसाठी खुली केली. त्यांनी फक्त आपल्या घरापुरतं पाणी विकत घेतलं नाही. आजच्या काळात सार्वजनिक नळ चांगला करून घेणं हे त्याच वाटेवरचं काम आहे.

कृष्णामाई काय काय घेऊन येते

महाबळेश्वरला उगम पावलेली कृष्णा वाई, माहुली, कराड करत सांगलीला येते. वरच्या प्रत्येक गावाचं सांडपाणी थोडंफार खालच्या गावाच्या जॅकवेलपर्यंत पोहोचतं. सांगलीकरांना शेरीनाल्याबद्दल नव्याने सांगायला नको. कित्येक निवडणुका त्या नाल्यावर लढल्या गेल्या, नाला वाहतोच आहे. मार्च २०२३ मध्ये नदीत मेलेल्या माशांचा खच पडला, प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलं.

याचा पाईपशी संबंध काय? क्लोरिन आधी पाण्यातल्या घाणीशी लढण्यात खर्ची पडतो. नदीचं पाणी जितकं घाण, तितका क्लोरिन तिथेच संपतो आणि पाईपमधल्या प्रवासासाठी कमी उरतो. म्हणून टाकीजवळच्या घराला क्लोरिनचा वास येतो आणि लाईनच्या शेवटच्या गल्लीत पाण्याला काहीच वास नसतो. लोक वासाची तक्रार करतात. खरं तर हलका वास असणं चांगलं, तो पाण्याचा पहारेकरी आहे.

महापुरात तर सगळंच एक होतं. २००५, २०१९, २०२१ हे तीन पूर आपण पाहिले. २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. विहिरी, बोअर, गटार, शौचालय, सगळं एकाच पाण्याखाली. त्या वेळी मशिदी-मदरशांनी कुणाचंही नाव-गाव न विचारता दारं उघडली, जेवण दिलं. आता पुढचा धडा हा, की पूर ओसरल्यावरचे पंधरा दिवस जास्त धोक्याचे असतात. बुडालेली विहीर उपसून, टीसीएल टाकून, पाणी तपासल्याशिवाय वापरू नये. मदतीच्या किटमध्ये बिस्किटांबरोबर मेडिक्लोरची बाटली आणि ओआरएसची पाकिटं असावीत. आणि चिखलात अनवाणी काम केलेल्याला ताप आला तर लेप्टोची शंका घेऊन लगेच सरकारी दवाखाना गाठावा.

दोष देण्याची जुनी सवय

'ती वस्तीच घाण' हे वाक्य आजचं नाही. १८६५ मध्ये हजच्या काळात मक्केत कॉलरा पसरला. सुमारे ९० हजार हाजींपैकी १५ हजार दगावले असा तेव्हाचा अंदाज आहे. पुढच्याच वर्षी युरोपातली सरकारं कॉन्स्टँटिनोपलला जमली आणि सगळ्यांची नजर हाजींवर, विशेषतः मुंबईहून जहाजाने जाणाऱ्या हिंदुस्तानी हाजींवर गेली. पुढे त्यांना लाल समुद्रातल्या कामरान बेटावर क्वारंटाईनमध्ये अडकवून ठेवत. इकडे पंढरपूरच्या वारकऱ्यांबद्दल इंग्रज अधिकारी हेच बोलत होते. हाजी असो की वारकरी, सरकारच्या लेखी दोघंही रोग पसरवणारी गर्दी. जहाजावर प्यायला कसलं पाणी देतात, यात्रेत पाण्याची सोय काय, हा प्रश्न मागे पडायचा.

लंडनमध्येही तेच होतं. गरिबांच्या वस्तीतल्या खराब हवेने कॉलरा होतो असं मोठमोठे डॉक्टर मानत. १८५४ मध्ये जॉन स्नो यांनी मेलेल्यांची घरं कुठे आहेत ते शोधलं आणि दाखवून दिलं की ती बहुतेक ब्रॉड स्ट्रीटच्या एका पंपाभोवती आहेत. मग पंपाचा दांडा काढला गेला. नंतर १८८३-८४ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी इजिप्त आणि कलकत्त्यात हा जिवाणू शोधला. स्नो यांनी लोकांना नावं ठेवली नाहीत, आकडे मांडले. आपल्यालाही तेच करायचं आहे.

घरात जुलाब सुरू झाले तर

१९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव इथल्या छावणीत कॉलरा पसरला. सलाईन संपलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजायला नातेवाइकांनाच शिकवलं. मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आलं. तेच आजचं ओआरएस.

पहिल्या जुलाबापासून ओआरएस सुरू करा. मोठं पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण विरघळवायचं, थोडं थोडं पाजायचं. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, सपाट मोजून. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमच्याने द्यायचं. अंगावरचं दूध बंद करायचं नाही. लहान मुलांना डॉक्टरांच्या सल्ल्याने चौदा दिवस झिंकच्या गोळ्या.

खरेदी करताना एक सावधगिरी. 'ओआरएस' नावाने गोड सरबताचे डबे वर्षानुवर्षं विकले जात होते. त्यांत साखर खऱ्या ओआरएसच्या कित्येक पट जास्त, आणि जास्त साखरेने जुलाब वाढतात. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी त्याविरुद्ध कित्येक वर्षं लढा दिला. शेवटी ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांवर ओआरएस शब्द छापायला बंदी घातली. तरी मेडिकलमधून पावडरचं पाकीटच मागा आणि त्यावर जागतिक आरोग्य संघटनेचा फॉर्म्युला लिहिलाय का ते बघा.

डोळे खोल गेले, सहा तासांत लघवी झाली नाही, मूल सुस्त पडलं, पाणी पोटात राहतच नाही, शौचात रक्त आलं, यातलं काहीही दिसलं तर घरगुती उपायांवर विसंबून न राहता दवाखाना गाठा. जुलाब थांबवायची गोळी मुलांना स्वतःहून देऊ नका. उरलेलं अँटिबायोटिकही घेऊ नका. पाकिस्तानातल्या सिंधमध्ये २०१६ पासून बहुतेक औषधांना दाद न देणारा टायफॉईड पसरलाय, आणि अर्धवट, मनाने घेतलेली औषधं जिवाणूला असंच तयार करतात. रमजानमध्ये कुणी जुलाब होत असताना रोजा ओढत असेल तर त्यांना प्रेमाने समजवा. आजारी माणसाला सूट दीननेच दिलेली आहे.

आपण मागायचं काय?

नुसतं "चांगलं पाणी द्या" म्हणून काही मिळत नाही. आकडा मागावा लागतो. तो आकडा आहे ०.२. भारतीय मानकाप्रमाणे नळाच्या पाण्यात दर लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन शिल्लक असावा. साथीच्या किंवा पुराच्या दिवसांत ०.५. आणि १०० मिलिलिटर पाण्यात एकही ई-कोलाय नसावा. ही तपासणी टाकीजवळ पुरेशी नाही, लाईनच्या शेवटच्या नळावर हवी.

शहरातल्यांनी पालिकेकडे तीन गोष्टी लेखी मागाव्यात. एक, आपल्या वॉर्डातल्या शेवटच्या नळावरची क्लोरिनची रोजची नोंद. दिली नाही तर माहिती अधिकार आहेच. दोन, गटारातून गेलेल्या नळजोडण्यांची यादी आणि त्या बाहेर काढायची तारीख. तीन, पाण्याचा दाब वाढवायचा आराखडा, मग तो एका वॉर्डापासून सुरू झाला तरी चालेल. बऱ्याच वर्षांनी आता पालिकांत निवडून आलेले नगरसेवक बसलेत. त्यांना हार घालताना हा कागदही हातात द्या.

गावातल्यांसाठी वाट सोपी आहे. जिल्हा परिषद वर्षातून दोनदा पाण्याच्या स्रोतांची पाहणी करून ग्रामपंचायतीला हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड देते. आपल्या गावाला कोणतं मिळालं, हे ग्रामसभेत विचारा. जलसुरक्षक रोज ओटी टेस्ट करतो का, टीसीएलची पोती कोरड्या जागी झाकून ठेवलीत का, तेही बघा. उघडी राहिलेली पावडर निकामी होते. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायचं प्रशिक्षण द्यायचं आहे. त्या पाचांत आपल्या घरातल्या मुली-सुना का नसाव्यात?

मशिदीच्या जमातीलाही काम आहे. वुजूच्या पाण्याने आपण गुळण्या करतो, म्हणजे ते तोंडात जातं. हौज आणि छतावरची टाकी पावसाळ्याआधी घासून धुवावी, झाकण घट्ट असावं. हजार लिटर स्वच्छ पाण्याला पाच ग्रॅम टीसीएल, वरचं निवळलेलं पाणी टाकायचं आणि अर्धा तास थांबायचं. मिरजेत ख्वाजा मीरासाहेबांच्या उर्सला सगळ्या धर्मांचे हजारो लोक येतात. उर्स, मोहरमच्या सबिली, इफ्तारचं सरबत, नियाजची देग, या सगळ्यांत पाणी आणि बर्फ कुठून आला हे एका जबाबदार माणसाने बघायला हवं. मासळी टिकवायचा बर्फ सरबतात नको. साचलेल्या पाण्यात आणि पाणवठ्यावर घाण करायला रसूलुल्लाह (स.) यांनी मनाई केली आहे, भांडी झाकून ठेवायला सांगितलं आहे. जुम्याच्या बयानात वर्षातून एकदा हा विषय घेतला तर खूप फरक पडेल.

शाळेबद्दलही सांगतो. हजेरीपट हा साथीचा पहिला रिपोर्ट असतो. एका वर्गात एकाच गल्लीतली चार-पाच मुलं एकदम गैरहजर राहिली तर शिक्षकाने एक फोन करावा : घरी, मग आशाताईंना. साथ दवाखान्याच्या रजिस्टरमध्ये येण्याच्या आधी ती वर्गाच्या रजिस्टरमध्ये दिसू शकते. आठवी-नववीच्या मुलांकडून विज्ञानाच्या तासाला आपापल्या गल्लीतल्या शेवटच्या नळाच्या पाण्यातला क्लोरिन तपासून तक्ता केला, तर तो तक्ता पालिकेला नाकारता येणार नाही. जॉन स्नो यांनीही याहून फार वेगळं काही केलं नव्हतं.

आणि तोवर घरात? नळाची पहिली पाच मिनिटांची धार धुण्या-भांड्याला काढा. पिण्याचं पाणी गाळून, बुडबुड्यांनी खळखळेपर्यंत उकळून झाका. हंड्यात हात बुडवू नका, ओगराळं वापरा. शौचाहून आल्यावर आणि स्वयंपाकाआधी साबणाने हात धुवा.

हे सगळं आपण करू, करायलाच हवं. पण उकळलेला हंडा हा पालिकेच्या फुटक्या पाईपला पर्याय नाही. पुढच्या वेळी कुणी म्हणालं की "ती वस्तीच घाण आहे", तर चिडू नका. शांतपणे विचारा, "त्या वस्तीच्या शेवटच्या नळाला क्लोरिन किती आहे, सांगता का?" उत्तर त्यांना द्यावं लागेल. आणि उत्तर ०.२ पेक्षा कमी आलं, तर घाण कुठे आहे हे सगळ्यांनाच कळेल.

अल्लाह आपल्या घरांना, शेजाऱ्यांना आणि कृष्णाकाठच्या सगळ्यांना आफियत देवो. आमीन.